शांततेचं ठिगळ

माझं काम बोलण्याचं. मी पुस्तकं मोठ्यानं वाचते आणि लोक ती विकत घेऊन ऐकतात. कुणी भांडी घासताना, कुणी गाडी चालवताना, कुणी झोप येत नाही म्हणून. खुनाच्या कादंबऱ्या वाचल्या, राजेराण्या वाचल्या, मधुमेहावरचं एक जाडजूड पुस्तकही वाचलं. लोक म्हणतात आवाज छान आहे. मी म्हणते, होता. चाळिशी उलटली की तोंडाला कोरड पडते, जीभ टाळ्याला चिकटते आणि वाक्य सुरू होताना बारीकसा ‘चट्’ आवाज येतो. समोर बसलेल्या माणसाला तो कळायचा नाही. माइकला कळतो. माइकइतकं चोंबडं यंत्र जगात दुसरं नसेल.

त्यावर आमच्या धंद्यात एक उपाय आहे. रोज वाचायला बसण्याआधी खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतात. कुठलीही खोली अगदी गप्प कधीच नसते; भिंतींची, पडद्यांची, वायरींची मिळून एक हलकी गुणगुण असते. खुर्चीत माणूस असला तर ती वेगळी, नसला तर वेगळी. म्हणून वाचणाऱ्यानं खुर्चीत बसायचं, हलायचं नाही, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. नंतर रेकॉर्डिंगवाला त्या शांततेचे तुकडे कापतो आणि जिथं खोकला आला, ‘चट्’ वाजलं, पान सळसळलं, तिथं तिथं बसवतो. नुसतंच कोरं सोडलं तर ऐकणाऱ्याला खड्ड्यात पाय पडल्यासारखं होतं. आम्ही त्याला ठिगळ म्हणतो.

आमचा रेकॉर्डिंगवाला मुलखाचा अबोल. त्याला सगळे मौनी म्हणतात, आणि तोही त्या नावाला ओ देतो. काचेपलीकडून अंगठा वर केला की सुरू, तळवा दाखवला की थांबा. त्याचं दिवसाचं बोलणं दोन चमच्यांत मावेल.

माझी मुलगी तिसरीत आहे. नाकाचं हाड किंचित वाकडं असल्यामुळे श्वास घेताना तिच्या नाकातून बारीक शीळ वाजते. म्हणून घरात तिचं नाव शिट्टी. लपाछपी खेळताना बिचारी नेहमी पहिली सापडायची. पण कान? जिन्यावर कोण येतंय ते ती पावलांवरून सांगायची, आणि त्या माणसाच्या पिशवीत काचेचं काही आहे हेही सांगायची. तिचे बाबा चष्म्याचं दुकान चालवतात. ते म्हणायचे, “लोकांना दिसतं कमी म्हणून पोट भरतं, आणि घरात एकीला ऐकू येतं जास्त म्हणून माझी पंचाईत होते. बिस्किटाचा पुडासुद्धा गुपचूप फोडता येत नाही.”

एकदा मी घरी माझंच वाचलेलं तपासत होते. शिट्टी शेजारी चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, “आई, तुझी जीभ वाजली. ‘दरवाजा’च्या आधी.” मी चारदा ऐकलं तेव्हा मला कळलं. मग गंमत म्हणून तिच्या कानांवर हेडफोन चढवले. तासाभरात तिनं इतके आवाज पकडून दिले की माझं तोंड उघडंच राहिलं.

गंमत म्हणून सुरू झालं, हे खरं. पण गंमत किती दिवस चालते? पुढं पुढं प्रत्येक फाइल आधी तिच्या कानांखालून जायला लागली. शाळेतून आली, हातपाय धुतले, की हेडफोन. खाली पोरं खेळत असायची, त्यांचा आरडाओरडा वरपर्यंत यायचा. मी खिडकी लावून घ्यायचे. प्रकाशक फोनवर म्हणाले, “तुमच्या कामात एक खडा लागत नाही हो. या वयात असे कान!” मी म्हटलं, “सवयीनं येतं.” शेजारी ती पेन्सिल तोंडात धरून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. झालं नाही.

मग ते पुस्तक आलं. विज्ञानकथा, तीन भागांची, आणि तिन्ही भाग मलाच द्यायचे असं प्रकाशकांच्या मनात होतं. म्हणजे पहिला भाग उत्तम झाला तर. दारात तरुण, गोड गळ्याच्या पोरी रांग लावून उभ्या होत्या, हे त्यांनी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं.

गोष्ट अशी. पुढच्या कुठल्याशा काळात शत्रू अंधारातून येतो, आणि त्याची चाहूल कुठल्याच यंत्राला लागत नाही. काही मुलांना मात्र लागते. जन्मतःच तीक्ष्ण कानांची मुलं. त्यांना घरांतून उचलून आणतात, जाड भिंतींच्या एका खोलीत रांगांनी बसवतात आणि ऐकायला शिकवतात. शिकवणारी एक बाई आहे. तिला नाव नाही. मुलं नुसतं ‘बाई’ म्हणतात. ती कधी ओरडत नाही. इतकंच म्हणते, “नीट बस. ऐक.” आणि या शिकवण्याची एक किंमत असते: मुलाला जसजसं दूरचं ऐकू यायला लागतं, तसतसं जवळचं जात राहतं. जे सगळ्यांत जवळचं, ते सगळ्यांत आधी.

बाईंचा आवाज मला पटकन सापडेना. कडक केला तर हवालदार वाटायची, गोड केला तर बालवाडी. मग एका दुपारी भाजी निवडताना तो सापडला. खालच्या पट्टीत, कोरडा, घाई नसलेला. “नीट बस. ऐक,” मी म्हटलं. पलंगावर लोळत असलेली शिट्टी ताठ उठून बसली.

आम्ही तिघंही खूप हसलो. नवरा म्हणाला, “अगं, हा आवाज गृहपाठाच्या वेळी काढत जा. माझा घसा वाचेल.”

आणि मी काढायला लागले.

रेकॉर्डिंग सुरू झालं आणि मला सर्दी झाली. औषधानं वाचण्यापुरता आवाज मोकळा व्हायचा, पण गप्प बसले की घशात खवखव सुरू. शांतता काही केल्या घेता येईना. मौनी तळवा दाखवून दाखवून थकला. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून शिट्टी माझ्याबरोबर आली होती आणि बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसली होती.

“हिला बसवू?” मीच म्हटलं. “खुर्चीत माणूस असल्याशी कारण. छोटंसं का होईना.”

मौनीनं खांदे उडवले. मी शिट्टीला आत नेलं, खुर्ची उंच केली, माइक तिच्या तोंडासमोर आणला. तिची नेहमीची चुळबुळ सुरू झाली. मी वाकून बाईंच्या आवाजात म्हटलं, “नीट बस. ऐक.” आणि बाहेर येऊन दार लावलं.

काचेतून ती दिसत होती. हात मांडीवर, पाठ सरळ, डोळे उघडे पण कुठंच न पाहणारे. मौनीनं एकदा यंत्राकडे पाहिलं, मग वायर हलवून पाहिली, मग पुन्हा यंत्राकडे.

“ताई, इतकी शांतता मी कधी घेतली नव्हती,” तो म्हणाला.

माझ्या मनात आलं, आणि शीळ? तिच्या नाकातली शीळ कशी नाही आली? पण काम उरकायचं होतं. मी ते कानामागे टाकलं. मौनीला ती शांतता इतकी आवडली की त्यानं पुढं रोज नवी घेतलीच नाही. सगळ्या पुस्तकाला तेच ठिगळ.

पहिली फाइल घरी तपासताना शिट्टीनं हेडफोन जरा सरकवला. “आई, इथं मुलं बसलीत.”

“कुठं?”

“तू थांबतेस ना, तिथं. दोन वाक्यांच्या मधे.”

मी ऐकलं. काही नव्हतं. आवाज वाढवून ऐकलं, तरी काही नव्हतं. मी भुताखेतांच्या गोष्टी वाचून पोट भरते, त्यामुळे माझा त्यांच्यावर कणभरही विश्वास नाही. पोरीनं गोष्ट मनावर घेतली, दुसरं काय? “बोलतात का काही?” मी चेष्टेनं विचारलं.

“छे. ऐकतात,” ती म्हणाली.

त्यानंतरच्या दिवसांतलं मला तुटक आठवतं. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, ती आली नाही. वाटलं, खेळात गुंग असेल. दुसऱ्यांदा तिच्या पाठीशी उभी राहून हाक मारली. ती चित्र रंगवत राहिली. मग एकदम मान वर करून म्हणाली, “बाबांनी दुकान बंद केलं. शटर अडकलंय.” दुकान तिथून तीन गल्ल्या पलीकडे. बाबा आले ते तेलानं माखलेले हात घेऊनच, शटरच्या नावानं बोटं मोडत.

खांद्याला हात लावला की ती वळायची, माझ्या ओठांकडे पाहायची आणि हसायची. समोरच्याला ओळखतो, पण नाव आठवत नाही, तेव्हा माणूस हसतो तसं.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पेटीतल्या बारीकसारीक आवाजांनी तिला तपासलं. प्रत्येक आवाजाला तिचं बोट वर. शेवटी तर डॉक्टरांनी यंत्र बंद केलं तरी बोट वरच. “हिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत,” ते हसत म्हणाले. “आईचं ऐकत नाही म्हणता, तर त्यावर औषध निघालं की पहिलं मीच घेऊन जाईन माझ्या घरी.”

“चल गं,” मी म्हटलं. ती हलली नाही.

“चल, बाळ,” डॉक्टर म्हणाले. ती उठली.

रिक्षात मी तिचा हात घट्ट धरून बसले होते, आणि डोक्यात काय चाललं होतं सांगू? शेवटची तीन प्रकरणं तपासायची राहिलीत, हे. सांगायलाही लाज वाटते, पण हेच.

नवऱ्यानं त्या संध्याकाळी हेडफोन उचलून कपाटाच्या वर टाकले. “आता पुरे. तिचे कान तिचे आहेत, तुझं अवजार नाही.”

“शेवटची तीन प्रकरणं. मग पुन्हा हातही लावू देणार नाही.”

“तुझी तू तपास ना मग.”

मला ते बारीक आवाज ऐकूच येत नव्हते, हे त्याला कसं सांगणार? प्रकाशकांना नाही, मौनीला नाही, आणि स्वतःच्या नवऱ्यालाही नाही. तोही मला तल्लख कानांचीच समजत होता. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि मला वाटतं त्याला तेव्हा कळलं. तो उठून गॅलरीत गेला.

“अगं, तिची शीळ थांबलीय,” तिथूनच म्हणाला. “तुझ्या लक्षात आलंय का? बरेच दिवस ऐकली नाही.”

“चांगलंच आहे की,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेल्यावर मी स्टुलावर चढून हेडफोन काढले. शिट्टी जमिनीवर पत्ते मांडत होती. मी हाक मारली. पुन्हा मारली. माझ्या स्वतःच्या आवाजात, तिला झोपवताना गाणं म्हणायचे त्याच आवाजात. ती पत्ते मांडत राहिली.

तेव्हा मी थांबायला हवं होतं.

“नीट बस,” मी बाईंच्या आवाजात म्हटलं. “ऐक.”

ती उठली. खुर्चीत ताठ बसली आणि हेडफोनसाठी मान पुढं केली. राहिलेल्या तीनपैकी पहिल्या प्रकरणात एका मुलाची आई त्याला भेटायला येते, दाराबाहेर उभी राहून हाका मारते, आणि तो शेजारच्या मुलाला विचारतो, सगळे दाराकडे का बघतायत? मी ते वाचताना खोटं खोटं रडले होते आणि मौनीनं काचेमागून अंगठा वर केला होता. शिट्टीनं ते शेवटपर्यंत ऐकलं. पाच ठिकाणी माझी जीभ वाजली होती. तिनं पाचही सांगितली.

तिन्ही प्रकरणं तपासून झाली, काम पाठवलं. प्रकाशकांचा फोन आला. सर्वोत्तम, म्हणाले. दुसरा आणि तिसरा भाग तुमचाच, म्हणाले. शांततासुद्धा बोलते तुमची, म्हणाले.

मी फोन ठेवला आणि मौनीकडे गेले. भर दुपार होती, स्टुडिओत दुसरं कुणी नव्हतं. “ते ठिगळ काढ,” मी म्हटलं. “सगळीकडून. दुसरं घे, मी बसते, खोकला नाही आता.”

“का, ताई?”

“तू काढ.”

त्यानं मूळ तुकडा यंत्रावर घेतला. पडद्यावर रेघ सपाट. पुसण्याआधी सवयीनं त्यानं तो मोठा करून लावला. मग आणखी मोठा. मग यंत्र जाईल तितका.

खोलीभर श्वास होते.

लहान छातींचे. रांगेनं, एकामागून एक, शिस्तीत घेतलेले. कुणी खोकत नव्हतं, कुणी चुळबुळ करत नव्हतं.

मौनीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं.

आणि त्यात, पुढच्या रांगेत कुठंतरी, अगदी बारीक शीळ.

मी हात पुढं केला. का, ते माहीत नाही. पडद्यावर काय धरणार?

सगळे श्वास एकदम थांबले. कुणीतरी दारात आल्यावर वर्ग गप्प होतो, तसे.

मौनीचं बोट पुसण्याच्या बटणावर होतं. मग त्यानं ते उचललं.

“ताई,” तो म्हणाला, “हे पुसलं तर ती कुठं जाईल?”

आम्ही ते पुसलं नाही. पुस्तक होतं तसं बाहेर गेलं, वाक्यावाक्याच्या मधे तिला घेऊन. मी प्रकाशकांना थांबवू शकले असते. काय सांगून थांबवणार होते? की हे काम कधी माझ्या कानांचं नव्हतंच? तेवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघेना. बोलण्याचं काम करणारी बाई मी.

पुस्तक खूप चाललं आहे. घराघरांत ऐकतात. मुलांनाही आवडतं म्हणे. मोठ्यांच्या शेजारी येऊन गप्प बसतात. एका बाईनं कळवलं, आमचा दांडगोबा एरवी क्षणभर एका जागी टिकत नाही, तुमचा आवाज लावला की ताठ बसतो.

बाबांची हाकही आता शिट्टीपर्यंत पोचत नाही. तो तिच्यासमोर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहितो, ती वाचून मान हलवते. माझ्याशी तो जेवणापुरतं बोलतो. बाईंच्या आवाजाला मात्र ती लगेच उठते. जेवायचंय, बाईंच्या आवाजात. वेणी घालायचीय, बाईंच्या आवाजात. झोप आता, तेही. मी रोज एकदा तरी माझ्या आवाजात हाक मारून पाहते. रोज.

काल दुपारी तिची वेणी घालत होते. पाठमोरी बसली होती, माझे ओठ तिला दिसत नव्हते. राहवेना, म्हणून बाईंच्या आवाजात विचारलं, “तुझी आई कुठं असते गं?”

“बाहेर असते, बाई,” ती शहाण्यासारखी म्हणाली. “दाराशी. हाका मारते म्हणतात सगळे. मला नाही ऐकू येत.”

माझे हात थांबले. कंगवा केसांत तसाच अडकून राहिला. मी माझ्या आवाजात म्हटलं, “शिट्टी, अगं मीच आहे. इथंच आहे.” ती वेणी पुरी व्हायची वाट पाहत बसली.

थोड्या वेळानं तिनं हात वर केला. वर्गात करतात तसा.

“बाई, आज पुष्कळ नवीन मुलं आलीत. काही रडतायत. त्यांना कुठं बसवू?”

मी गप्प राहिले असते तर ती तशीच हात वर करून बसून राहिली असती. तिचा दंड थरथरायला लागला होता.

“मागच्या रांगेत,” मी म्हटलं.